टेबलावरचा पॉवर सप्लाय: जून ते सप्टेंबर

8 जून 2025, रविवार. नाशिकला सिडकोतल्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर मी दादाच्या द्राक्षबागेसाठी एक छोटी पेटी जुळवत होते. दादाची बाग दिंडोरीला आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर हवेत दमटपणा राहिला की डावणी हा द्राक्षाचा रोग येतो, आणि रात्री बागेत नेमकी किती आर्द्रता होती हे त्याला सकाळी अंदाजाने ठरवावं लागतं. म्हणून ईएसपी-32 चा बोर्ड (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर), आर्द्रतेचा सेन्सर आणि एसएमएस पाठवायला सिम-800-एल हे जीएसएम मॉड्यूल, एवढा माझा बेत. मी शाळेत गणित शिकवते. इलेक्ट्रॉनिक्स गेल्या दोन वर्षांत शिकले.

पॉवरसाठी जुन्या राउटरचा 12 व्होल्ट 5 अँपचा अडॅप्टर होता. त्याची पिन कापून दोन वायरी काढल्या होत्या आणि दोन्ही काळ्या होत्या. उलट्या लागल्या. दोन सेकंदांत धूर आला आणि व्होल्टेज कमी करणारा छोटा कन्व्हर्टर, ईएसपी आणि जीएसएम, तिन्ही गेले. 880 रुपयांचं सामान. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की तीन आठवड्यांच्या संध्याकाळी त्यात गेल्या होत्या.

वरच्या मजल्यावर एक काका राहतात. अंबडच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते, आता निवृत्त. त्यांना जळका बोर्ड दाखवला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "करंट लिमिट किती लावलं होतंस?"

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नव्हतं. अगं, पाच अँपच्या अडॅप्टरला तू शॉर्ट दिलास, त्याने असतील नसतील तेवढे अँप ओतले. बेंच सप्लायवर शंभर मिलिअँपचं लिमिट लावून बोर्ड जोडला असतास, तर व्होल्टेज आपोआप खाली आलं असतं, लाल दिवा लागला असता आणि तू वायरी फिरवल्या असत्यास."

बेंच पॉवर सप्लाय म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करता येणारी पेटी, एवढंच मला तोवर माहीत होतं. खरं काम दुसऱ्या, करंट लिमिटच्या नॉबचं असतं. पेटी दोन पद्धतींनी चालते. बोर्ड मर्यादेपेक्षा कमी करंट घेत असेल तर व्होल्टेज तुम्ही लावलं तेवढं स्थिर राहतं, याला सीव्ही (कॉन्स्टंट व्होल्टेज) म्हणतात. बोर्ड जास्त मागायला लागला की पेटी करंट तिथेच धरून ठेवते आणि व्होल्टेज खाली सोडते, ते सीसी (कॉन्स्टंट करंट). हे कळलं आणि त्याच आठवड्यात सप्लाय घ्यायचं ठरवलं. कोणता घ्यायचा, यात मात्र अडीच महिने गेले. तुम्हीही याच टप्प्यावर असाल तर त्यातले काही आठवडे वाचावेत म्हणून हे सगळं लिहिते आहे.

पहिला आठवडा मी काहीच विकत घेतलं नाही. काकांनी सांगितलं होतं, "आधी वहीत लिही, तुला काय काय चालवायचंय." लिहिलं. ईएसपी-32 वायफाय चालू असताना पाव अँपच्या आसपास जातो. पाच व्होल्टच्या रिलेची (विजेने चालणाऱ्या स्विचची) कॉइल 70 मिलिअँप. ठिबकचा 12 व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडणारी झडप) अर्धा अँप. सिम-800-एल ला 3.4 ते 4.4 व्होल्ट लागतात आणि सिग्नल पाठवताना क्षणभर 2 अँपपर्यंत ओढ असते. पुढे सोलर पॅनेल लावायचं आहे, 12 व्होल्टचं म्हणून मिळणारं पॅनेल भार न लावता मोकळं असताना 21 व्होल्टच्या आसपास देतं, तेही टेबलावर सोंग म्हणून उभं करता यायला हवं. पान भरलं आणि उत्तर समोर आलं: 25 व्होल्टच्या वर मला काही नको, 2 अँपच्या वर काही नको. 30 व्होल्ट 3 अँप पुष्कळ झालं. पुढच्या सगळ्या गोंधळात हे पान माझ्या पर्समध्ये होतं, आणि जेव्हा जेव्हा मी ते विसरले तेव्हा तेव्हा चुकले.

21 जूनला, शनिवारी शाळा सुटल्यावर, एम.जी. रोडच्या बाजूला तीन दुकानं फिरले. मोबाइलचं सामान भरपूर, बेंच सप्लाय एकाकडेच. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तो, 15 व्होल्ट 2 अँपचा, काट्याचा मीटर असलेला. दुकानदार म्हणाला, "ताई, रिपेरिंगवाले हाच नेतात." किंमत 1,900. पण करंट लिमिटचा नॉबच नव्हता; शॉर्ट झालं की पेटी सरळ बंद होत होती. हे संरक्षण पेटीचं आहे, बोर्डाचं नाही, कारण दोन अँप होईपर्यंत ती थांबणार नाही. नको म्हटलं.

लेकाचं म्हणणं होतं की घरीच बनवू. त्यावर दोन संध्याकाळी खर्च केल्या. जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसची (आतल्या पॉवर सप्लायची) हिरवी वायर काळीला जोडली की तो चालू होतो आणि 3.3, 5, 12 व्होल्ट फुकटात मिळतात. पण तो पाच व्होल्टवर पंधरा-वीस अँप देऊ शकतो; माझ्या जळक्या अडॅप्टरचीच मोठी आवृत्ती. एलएम-317 या व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या चिपचा किट स्वस्त आहे, पण त्यात जास्तीचं व्होल्टेज उष्णता होऊन जातं. 18 व्होल्ट आत, 4 व्होल्ट बाहेर आणि 1 अँप घेतला तर 14 वॅट नुसतं हीटसिंक तापवण्यात. शिवाय 2 अँप त्याला झेपत नाहीत, त्याची मर्यादा दीड अँपची. आणि आतल्या 230 व्होल्टच्या जोडण्या नवशिक्याने करू नयेत, असं माझं मत आहे. शिकायला किट जरूर करा, पण पहिला भरवशाचा सप्लाय विकतचा असू द्या.

29 जूनला ऑनलाइन ऑर्डर केली, आणि इथे वहीचं पान विसरले. 30 व्होल्ट 10 अँप, चार आकडी डिस्प्ले, वजनाला हलका, 4,350 रुपये. तीन अँपच्या पेट्यांपेक्षा हाच स्वस्त दिसत होता. 10 अँप आहेत तर पुढे कामाला येतील, असं मनाला सांगितलं.

4 जुलैला खोका आला. लावण्याआधी मागची बाजू बघितली म्हणून बरं. तिथे 115 आणि 230 व्होल्ट निवडायचा छोटा सरकता स्विच होता आणि तो 115 वर होता. आपल्या 230 च्या सॉकेटमध्ये तसाच लावला असता तर निदान फ्यूज तरी उडालाच असता. खोक्यावर, पत्रकावर, कुठेही त्याचा इशारा नव्हता. बाहेरून आलेला कोणताही सप्लाय असो, आधी पाठ बघा.

5 जुलैला काकांच्या घरी त्यांच्या ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारं यंत्र) चाचणी केली. डिस्प्लेवर 4.00 लावले, मल्टीमीटरने 4.31 दाखवले. माझाच मीटर चुकतोय का म्हणून काकांचा लावला: 4.30. सिम-800-एल ची वरची मर्यादा 4.4 आहे, म्हणजे डिस्प्लेवर 4.2 दिसेल तोवर मॉड्यूल धोक्यात. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. पाच व्होल्ट लावलेले असताना मेन स्विच बंद केला, तर आउटपुट शून्यावर जाण्याआधी क्षणभर सातच्या वर उसळलं. मल्टीमीटरला हे दिसत नाही, तो तेवढा चपळ नसतो. स्कोपवर स्पष्ट दिसलं. आणि पंखा असा, की शेजारच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या लेकाने दार लावून घेतलं.

त्याच दिवशी एक लाल एलईडी गेला, आणि तो मात्र सप्लायचा दोष नव्हता. मी 12 व्होल्ट ठेवून करंट लिमिट 20 मिलिअँप लावलं आणि रेझिस्टर न लावता एलईडी थेट जोडला. लिमिट आहे ना, मग काय होणार? पण जवळजवळ प्रत्येक सप्लायच्या आउटपुटवर आतून एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, असतो. तो 12 व्होल्टला भरलेला होता, आणि जोडताक्षणी त्याने आपला साठा एलईडीत रिकामा केला. लिमिटचं सर्किट त्याच्या मागे बसलेलं असतं. तेव्हापासून माझी सवय अशी: आउटपुट बंद किंवा व्होल्टेज शून्यावर, मग जोडणी, मग हळूहळू वर.

6 जुलैला परतीचा अर्ज भरला. "वस्तू वापरलेली आहे" म्हणून दुसऱ्या दिवशी तो नाकारला गेला. दोन्ही मीटर एका फ्रेममध्ये घेऊन फोटो पाठवले, तेव्हा मंजूर झाला. 9 तारखेला कुरिअरचा मुलगा आला आणि सिरीयल नंबर जुळत नाही म्हणून तसाच परत गेला. खोक्यावरचं स्टिकर पावसात पुसट झालं होतं. 12 जुलैला अखेर माल गेला. पैसे पाच ते सात दिवसांत येणार होते. आले नाहीत. विक्रेत्याला तीन मेल गेले, तिन्हींना तेच ठरावीक उत्तर आलं. त्या दिवसांत मला फार हताश वाटलं. 4,350 ही आमच्या घरात सोडून देण्यासारखी रक्कम नाही, आणि हौसेपायी गेली ही बोच वेगळी.

21 जुलैला मधल्या सुट्टीत 1915 ला फोन लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. ऑर्डर क्रमांक, बिल, माल उचलल्याची पावती आणि मेलच्या तारखा विचारल्या. मी सगळं एका कागदावर लिहून ठेवलं होतं म्हणून पंधरा मिनिटांत झालं. तक्रारीचा क्रमांक एसएमएसने आला. यासाठी पैसे लागत नाहीत. हेल्पलाइन निकाल देत नाही, तुमची तक्रार कंपनीपुढे ठेवते. तिथे नाहीच मिटलं तर पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला तिथे फी नाही. माझं तिथवर गेलं नाही. 25 जुलैला पूर्ण पैसे खात्यात जमा झाले. ज्यांना करायचंय त्यांनी एवढं करा: खोका उघडताना व्हिडिओ, सिरीयल नंबरचा वेगळा फोटो, आणि परतीची मुदत संपेपर्यंत थर्माकोलसकट खोका जपून.

यानंतर मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायचं जवळजवळ ठरलं होतं. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडायची आणि संध्याकाळी परत. काकांनी थांबवलं. "पेटी बिघडली तर दर वेळी मुंबईला जाणार आहेस का? सातपूरला एमआयडीसीत टेस्टिंगचं सामान देणारे आहेत, ते कंपन्यांना देतात तसं तुलाही देतील. विचार तर खरं."

2 ऑगस्टला, शनिवारी, सातपूरला गेले. पर्समध्ये वहीचं पान, डब्यात मल्टीमीटर, आणि गाडीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब होल्डरसकट, 60 रुपयांचा. सप्लाय तपासायला याच्याइतकी सोपी वस्तू नाही. 21 भागिले 12, म्हणजे पावणेदोन अँपचा भार खिशात मावतो.

डीलरचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, कंपनी कोणती? जीएसटी नंबर?" मी म्हटलं, घरासाठी हवाय. ते थोडे थांबले, मग म्हणाले की हरकत नाही, वैयक्तिक नावाने बिल होतं, फक्त माल शेल्फवर नसतो, कोटेशन घेऊन मागवावा लागतो. पण नमुन्याची पेटी टेबलावर होती. विचारलं, "तपासू का?" त्यांनी स्वतः प्लग लावून दिला.

ती भारतात बनलेली लिनिअर पेटी होती, म्हणजे एलएम-317 सारखंच जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून टाकणारी, 30 व्होल्ट 3 अँप, सात किलोच्या आसपास. वजन आत बसलेल्या ट्रान्सफॉर्मरचं. लिनिअर आणि एसएमपीएस यांत मी बरेच दिवस अडकले होते, ते असं सुटलं. एसएमपीएस, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून व्होल्टेज घडवणारा, हलका, कमी तापणारा, पण आउटपुटवर बारीक थरथर जास्त. स्वस्त पेट्यांमध्ये ती दहा-वीस मिलिव्होल्टच्या पुढे सहज जाते. लिनिअरमध्ये ती एक-दोन मिलिव्होल्टवर राहते, पण उष्णता फार. 4 व्होल्ट 2 अँप हवे असताना आत 38 व्होल्ट असतील तर 68 वॅट वाया. म्हणून बऱ्या लिनिअर पेटीत ट्रान्सफॉर्मरला टप्पे असतात आणि व्होल्टेज वाढवताना आत रिले "टक" करून टप्पा बदलते. मला तो आवाज आधी बिघाड वाटला होता. एसएमपीएस वाईट असं मी म्हणणार नाही, मोटार आणि एलईडी पट्ट्या चालवणाऱ्याला तोच सोयीचा. मला सेन्सर वाचायचे होते आणि टेबल घरातच होतं, त्यामुळे शांत, जड पेटी बरी.

तपासलं ते असं. मोकळ्यावर 5.00 लावले, मीटरवर 5.01. मग 12.00 वर बल्ब: 1.72 अँप, टर्मिनलवर 11.98. दिव्याचा थंड फिलामेंट सुरुवातीला कितीतरी पट करंट मागतो, म्हणून लिमिट दोन अँपवर ठेवल्यावर क्षणभर सीसीचा दिवा लागला आणि बल्ब हळूच उजळला. हे बघायला छान वाटतं. मग बल्ब काढला, लिमिट अर्ध्या अँपवर आणून दोन्ही टर्मिनल वायरीने जोडली. 0.50 वर स्थिर. बंद-चालू करताना उसळी येते का ते त्यांच्याच स्कोपवर पाहिलं, नव्हती. शेवटी 4 व्होल्टवर पावणेदोन अँप काढत वीस मिनिटं बसले. या व्होल्टेजला बल्ब एवढा भार घेत नाही, त्यासाठी त्यांनी मोठा रेझिस्टर दिला. मागचं हीटसिंक गरम झालं, पण हात ठेवता येत होता. आउटपुट चालू-बंदचं वेगळं बटणही होतं, आणि आता मला वाटतं त्याशिवाय सप्लाय घेऊच नये.

कोटेशन सोमवारी, 4 तारखेला मेलवर आलं: 7,400 अधिक 18 टक्के जीएसटी. फोन करून विचारल्यावर 7,000 वर आले, म्हणजे 1,260 कर धरून 8,260. दोन चॅनेलची पेटी जवळपास दुप्पट होती. वहीत पाहिलं, एकाच वेळी दोन व्होल्टेज मला कन्व्हर्टर लावून भागतात. 6 ऑगस्टला 4,000 ॲडव्हान्स दिला. मुदत दहा कामाचे दिवस.

त्या मधल्या दिवसांत एक काम उरकलं, ते आधीच करायला हवं होतं. 10 ऑगस्टला वायरमनला बोलावून टेबलाजवळच्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घेतलं. तिसऱ्या भोकात वायरच जोडलेली नव्हती. बिल्डिंग जुनी, कुणाला कधी कळलंच नाही. नवी वायर ओढून 650 रुपये झाले. धातूच्या पेटीला अर्थिंग नसेल आणि आत काही सुटलं तर पेटीलाच 230 व्होल्ट येऊ शकतात, तेव्हा सप्लायआधी हे. आणि सप्लायच्या पुढच्या बाजूला जे हिरवं टर्मिनल असतं ते या अर्थिंगचं, मायनसचं नव्हे. सुरुवातीला मी बोर्डाची ग्राउंड वायर त्यालाच लावणार होते.

23 ऑगस्टला पेटी आणली. चाचणीचा कागद सोबत होता. त्यावरचा सिरीयल नंबर, पेटीमागचा आणि बिलावरचा, तिन्ही जुळवून मगच उरलेले पैसे दिले. वॉरंटी एक वर्ष, दुरुस्ती सातपूरलाच. चार दिवसांनी गणपती बसले, आणि मखराच्या एलईडी पट्टीचा कोणता तुकडा मेलाय हे शोधणं हे पेटीचं पहिलं काम ठरलं.

खऱ्या कामात मात्र अजून एक अडचण होती. नवं जीएसएम मॉड्यूल 4.00 व्होल्टवर जोडलं तरी नेटवर्क शोधताना पुन्हा पुन्हा रिसेट व्हायचं. पेटीवर 4.00 दिसत होते, मॉड्यूलच्या पायांवर मोजल्यावर घसरताना दिसायचे. दोष पेटीसोबत आलेल्या मगर क्लिपच्या वायरींचा. बाहेरून जाड, आत तांब्याच्या चार तारा. जाता-येता मिळून 0.3 ओहम रोध असेल तरी 2 अँपच्या झटक्याला 0.6 व्होल्ट वायरीतच जातात, आणि 4.0 चे 3.4 होतात. जाड सिलिकॉन वायर आणि बनाना पिना आणून आखूड जोडी बनवली, 240 रुपये. मॉड्यूलच्या अगदी जवळ 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. रिसेट थांबले. सप्लाय निवडताना वायरींचे पैसे वेगळे धरा, सोबत येतात त्या बहुतेक कामाच्या नसतात.

31 ऑगस्टला दुसरा बोर्ड जोडताना वायरी पुन्हा उलट्या लागल्या. या वेळी 5 व्होल्ट आणि लिमिट 100 मिलिअँप. लाल दिवा लागला, व्होल्टेज एकच्या खाली आलं, मी आउटपुटचं बटण दाबलं. वायरी बदलल्या, पुन्हा चालू केलं. बोर्ड 0.08 अँप घेऊन व्यवस्थित सुरू झाला. मी काकांना वर जाऊन सांगून आले.

सगळा हिशेब असा: पेटी 8,260, अर्थिंग 650, वायरी 240, बल्ब आणि होल्डर 60. एकूण 9,210, आणि त्याआधी जळलेले 880. फक्त शिकायचंय, एलईडी आणि छोटे बोर्ड एवढंच चालवायचंय, त्याला याच्या निम्म्यात 1 अँपची पेटीही चालेल. फक्त करंट लिमिटचा नॉब आणि आउटपुटचं बटण असलंच पाहिजे.

14 सप्टेंबरला आर्द्रता मोजणारी पहिली पेटी दिंडोरीला, बागेच्या मधल्या ओळीत मांडवाच्या खांबाला लावली. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दादाचा फोन आला: एसएमएस आलाय, 94 टक्के, आणि खालच्या अंगाला असंच एक लावता येईल का. छाटणीला अजून तीन आठवडे आहेत. दुसरा बोर्ड टेबलावर आहे, सप्लायच्या डिस्प्लेवर 0.09 अँप.